चष्मा-लेन्स ऑनलाइन मागवण्याबद्दल ग्रुपवर झालेली चर्चा

ए-१०३: नमस्कार मंडळी. प्रोग्रेसिव्ह चष्मा (दूरचं आणि जवळचं एकाच काचेत) ऑनलाइन मागवायचा विचार आहे. डॉक्टरांनी दिलेला नंबरचा कागद आहे. आणखी काही लागतं का?

बी-४०२: लागतं ना काका. कागदावर नंबर असतो, मापं नसतात आणि घोटाळा तिथेच होतो. काच बहुतेकदा नंबरप्रमाणेच येते, पण डोळ्यासमोर चुकीच्या जागी बसते. पहिलं माप पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्यांचं साधारण ५४ ते ७४ मिमी. ते अंदाजाने टाकलं तर काय होतं बघा: उणे ६ च्या काचेचं केंद्र ३ मिमी सरकलं की त्या डोळ्यापुढे १.८ प्रिझम, म्हणजे प्रकाश बाजूला वळवणारा परिणाम, तयार होतो (सरकलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये, गुणिले नंबर). दोन्ही काचा आत किंवा दोन्ही बाहेर सरकल्या तर ३.६. डोळ्यांचे स्नायू दिवसभर ती चूक भरून काढत बसतात, संध्याकाळी डोकं ठणकतं आणि दोष नंबरवर जातो. उणे १ ला तेवढीच चूक झाली तर बहुतेकांना कळतही नाही. म्हणूनच कुणी म्हणतं ऑनलाइन चष्मा झकास, कुणी म्हणतं भिकार.

ए-१०३: माझा नंबर लहान आहे. मग चालेल?

बी-४०२: साधा एका नंबरचा असता तर हो म्हटलं असतं. प्रोग्रेसिव्हला उंचीचं मापही लागतं: फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून, बाहुलीच्या मध्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत, दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं. पीडीसुद्धा नाकाच्या मध्यापासून डावी-उजवी वेगळी. फ्रेम बदलली की उंची बदलते, त्यामुळे जुन्या चष्म्यावरून उचलता येत नाही. वाचायचा भाग २ मिमी खाली गेला तर हनुवटी वर करून पेपर वाचायचा, वर आला तर समोरचं धूसर. पहिलाच प्रोग्रेसिव्ह असेल तर दुकानात बसूनच करा.

डी-२०१: साध्या चष्म्यासाठी पीडी घरी मोजता येते का?

सी-६०१: येते. दोघांनी समोरासमोर हातभर अंतरावर, डोळे एका उंचीला ठेवून बसा. मोजणाऱ्याने उजवा डोळा मिटायचा, समोरच्याने त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात बघायचं. मिमीची पट्टी नाकावर टेकवून शून्य समोरच्याच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. पट्टी न हलवता मोजणाऱ्याने डावा मिटून उजवा उघडायचा, समोरच्याने आता त्या डोळ्यात बघायचं, आणि डाव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचायचा. तीनदा करा. १ मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल तर नाद सोडा.

फ्रेम निवडताना दांडीच्या आतले आकडे बघा. ५२-१८-१४० म्हणजे काचेची रुंदी, नाकावरचा पूल, दांडीची लांबी. ५२ अधिक १८ म्हणजे ७०. पीडी ६२ असेल तर प्रत्येक काचेचं केंद्र ४ मिमी आत घ्यावं लागतं आणि उणे नंबरची बाहेरची कड जाड होते. फोटोत मोठ्या फ्रेम छानच दिसतात.

फॉर्म भरताना अधिक-उणे तपासा. कागदावर आधी मूळ नंबर, मग सिलिंडर (तिरका नंबर) आणि × नंतर अ‍ॅक्सिस, म्हणजे त्या तिरक्या नंबरचा कोन. −२.०० / +१.०० × ९० आणि −१.०० / −१.०० × १८० ही एकच काच आहे, पण यातलं फक्त चिन्ह बदललं तर भलतीच होते. अ‍ॅक्सिस १० अंश चुकला तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश उपयोग वाया, ३० अंश चुकला तर सगळाच.

डी-२०१: मुलीला रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स हव्यात, नंबर शून्य. त्याला तरी तपासणी नको ना?

बी-४०२: ताई, उलट तिथेच धोका जास्त. लेन्स थेट कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) बसते आणि कॉर्नियाला ऑक्सिजन मुख्यतः हवेतून मिळतो. पाकिटावर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सची आतली वक्रता (८.४, ८.६ अशी), आणि व्यास (१४.० किंवा १४.२) असतो. तो डोळ्याला जुळतोय का, हे लेन्स घालून तपासल्याशिवाय कळत नाही. घट्ट लेन्स पापणी लवल्यावर हलत नाही, खाली अश्रू अडकतात, डोळा लाल होतो. सैल लेन्स सरकत राहते, नजर स्थिर राहत नाही. जंतुसंसर्ग झाला तर कॉर्नियावर जखम होते आणि तिचा पांढरा डाग कायमचा राहू शकतो. नळाच्या पाण्याने लेन्स धुणं बंदच; त्यात अकँथामीबा हा डोळ्याला संसर्ग करणारा सूक्ष्मजीव असू शकतो. डबीतल्या जुन्या द्रवात नवा ओतायचा नाही, रोज पूर्ण बदलायचा. मैत्रिणीशी अदलाबदलही नाही. डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा धूसर झालं तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे. लेन्स आणि डबी सोबत न्या, तपासणीला लागू शकतात.

ए-३०४: चष्म्याचाच नंबर टाकून लेन्स मागवली तर?

बी-४०२: ±४ च्या पुढे चुकतो. चष्मा डोळ्यापासून १२ मिमीवर असतो, लेन्स डोळ्यावरच. उणे ६ चष्म्याला लेन्स येते साधारण उणे ५.५०.

ए-३०४: आणि ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच?

सी-६०१: कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात स्क्रीनमुळे डोळ्यांना येणारा थकवा त्याने कमी होतो असं दिसलं नाही. त्यासाठी जादा पैसे नकोत.

डी-२०१: चष्मा आल्यावर कसा तपासायचा?

सी-६०१: चष्म्याच्या दुकानात लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर. नंबर, अ‍ॅक्सिस आणि केंद्रांमधलं अंतर, तिन्ही लिहून घ्या. हे परत करायची मुदत संपायच्या आत. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर पाकीट फोडण्याआधीच ब्रँड, बेस कर्व्ह, व्यास, पॉवर आणि मुदत कागदाशी जुळवा. ‘तीच, फक्त दुसऱ्या कंपनीची’ आली असेल तर न उघडता परत पाठवा.