बौद्धिक अक्षमता असलेले कलाकार स्वतः कुठे दिसतात का?

पडदावेडा: सिनेमात असं पात्र असलं की मोठा स्टार घेतात आणि मग त्याच्याच अभिनयाचं कौतुक, पण डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाने स्वतः काम केलंय आणि त्याला अवॉर्ड वगैरे मिळालंय असं कुणी माहितीये का?

रेवाकाठ: आहेत की! बेल्जियमचा पास्कल द्यूकेन, 1996 ला कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेता, सहकलाकार दानिएल ओतॉयबरोबर विभागून. स्पेनचा पाब्लो पिनेडा, 2009 ला सॅन सेबॅस्टियनच्या महोत्सवात तोच मान. दोघंही हिरो बरं का, दया यावी म्हणून कोपऱ्यात बसवलेला भाऊ नाही.

ढोलकर: सिनेमाच कशाला, अमेरिकेतल्या शिल्पकार ज्युडिथ स्कॉट बघ, त्यांनाही डाउन सिंड्रोम होता. 35 वर्षं संस्थांमध्ये काढली, बहिऱ्या आहेत हेसुद्धा कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, मग जुळ्या बहिणीने बाहेर आणलं आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका स्टुडिओत त्या हाताला लागेल त्या वस्तूभोवती सूत गुंडाळून शिल्पं करायला लागल्या. कसली भन्नाट आहेत ती!

पडदावेडा: भारीच. नाटकाचा एखादा ग्रुप?

रेवाकाठ: ऑस्ट्रेलियाचं बॅक टू बॅक थिएटर. नटच नाटक रचतात, 2022 ला आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला. गोड गोड काही नसतं, उलट प्रेक्षकालाच अवघडल्यासारखं करतात, मला तेच आवडतं