मदत हवी आहे: विदारण आणि धूप यातला फरक मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी, दहा-अकरा वर्षांच्या मुलांना खडकांची झीज शिकवतेय. ट्रेमध्ये मातीचा डोंगर करून वरून पाणी ओतलं, मुलं जाम खूश, खाली गाळाचा छान पंखा पण तयार झाला, पण नंतर विचारलं काय झालं तर सगळ्यांचं एकच, पाण्याने डोंगर फोडला! अरे पण माती आधीच सुटी होती, तिच्यात फुटायला होतं काय? म्हणजे धूप दिसली, विदारण दिसलंच नाही. खडक आधी जागच्या जागी फुटतो किंवा कुजतो (विदारण) आणि मग पाणी, वारा, हिमनदी तो माल उचलून नेतात (धूप), हे दोन्ही सुटं सुटं दिसेल असं काही आहे का? कुजणं दाखवायला खडूवर व्हिनेगर टाकून पाहिलं, ढिम्म, एक बुडबुडा नाही. आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीला ग्रँड कॅन्यनची खोल दरी कोरायला ५०-६० लाख वर्षं लागली म्हटलं की मुलं ओके म्हणतात आणि विषय संपतो, त्याचं काय करू?

प्रतिसाद १:
फळ्याचे खडू हल्ली बरेचसे जिप्समचे असतात, त्यावर फेस येत नाही. शिंपला किंवा संगमरवराचा तुकडा घ्या, बुडबुडे दिसतील. पण पावसाचं पाणी व्हिनेगरपेक्षा खूपच सौम्य असतं हे नक्की सांगा, नाहीतर पावसात डोंगर फसफसतात असं डोक्यात बसायचं. फुटण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पाणी भरलेला छोटा फुगा पुरा, सुकलं की फ्रीझरमध्ये ठेवा, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं त्यामुळे प्लास्टर तडकतं. फुग्याशिवायचा एक गोळा पण शेजारी ठेवा. तुकडे हलवायच्या आधी विचारा, यातलं काही कुठे गेलं का? मग तेच तुकडे कुटून तुमच्या ट्रेमध्ये डोंगरावर टाका आणि आता पाणी ओता.

प्रतिसाद २:
एवढा मोठा काळ जाणवावा म्हणून जुन्या संगमरवरी स्मृतिशिळांचे फोटो दाखवा, साल कोरलेलं असतं आणि अक्षरं पुसट झालेली, हिशोब मुलं स्वतःच करतात.

धागाकर्ती:
तेच तुकडे परत वापरायचे, हे भारीये! फुगा वर तरंगणार नाही ना पण?

प्रतिसाद १:
तरंगतो हो, प्लास्टर घट्ट होईपर्यंत काडीने दाबून धरा, बोटं घालू नका, घट्ट होताना ते चांगलंच तापतं. आणि फुग्यावरचा थर पातळच ठेवा.