करोनाच्या टाळेबंदीत बांधून ठेवलेली बोट : तुमचे अनुभव सांगा

ज्यांचं घर एका गावी आणि बोट दुसऱ्या गावी होती, त्यांचं २०२० साली काय झालं? जाता आलं का, कुठल्या नियमानं अडवलं, आणि जाता येत नव्हतं तेव्हा बोट कोणी सांभाळली? बोट मौजेची असो की पोटापाण्याची, इथे जरूर लिहा. सुरुवात मी करते.

आमची नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब-अरुंद बोट, इंग्लंडमध्ये मिडलंड्सच्या एका कालव्यावर असते. आम्ही राहतो तिथून गाडीनं बऱ्यापैकी लांब. २३ मार्चला पंतप्रधानांनी घरातच राहायला सांगितलं. बोट हेच ज्यांचं घर, त्यांची सोय झाली. एरवी ज्यांना कायमची जागा नाही त्यांना साधारण दर १४ दिवसांनी बोट पुढे न्यावी लागते. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टनं तो नियम स्थगित केला. पाणी भरायला आणि संडासाची टाकी रिकामी करायला हलायचं, तेवढंच. आमच्यासारख्या शनिवार-रविवारवाल्यांना मात्र मनाई. मला ती मनाई योग्यच वाटली. आमच्या धक्क्यावर बारा महिने राहणारे बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांच्यात शहरातून आम्ही कशाला जायचं?

पण जीव तिकडेच लागलेला असायचा. नॅरोबोटीत बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बुडाशी जिथून बाहेर जातो, तिथून थेंब थेंब पाणी आत झिरपतं. एक छोटं पितळी हँडल पिळून तिथे ग्रीस दाबावं लागतं. ते झालं नाही की पाणी साठतं, पंप ते उपसत राहतो, पंपापायी बॅटरी उतरते, आणि बॅटरी मेली की उपसणारं कोणी नाही. चांगल्या धडधाकट बोटी अशाच बुडतात. शेजारच्या बोटीवरच्या आजोबांना फोन केला. मागच्या डेकची फळी उचलली की हँडल हाताशी येतं, किल्ली लागत नाही. त्यांनी व्हिडिओ कॉल लावून मला दाखवत हँडल पिळलं, थेंब थांबलेला दाखवला, आणि मग दोरांकडे कॅमेरा फिरवला. त्या वर्षी तिकडचा वसंत फार कोरडा गेला, आणि आमच्या कालव्याचं पाणी उतरलं होतं. दोर ताणलेला राहिला आणि पाणी खाली गेलं, तर बोट त्या दोराला लटकून कलते. आजोबांनी न सांगता दोर सैल केले होते.

१३ मेपासून इंग्लंडमध्ये मोकळ्या हवेत फिरण्या-व्यायामासाठी कितीही लांब गाडीनं जायला मुभा मिळाली. मुक्काम मात्र करता येत नव्हता, तो ४ जुलैपासून. सकाळी निघायचं, इंजिन चालवायचं, खिडक्या उघडून कोंदट वास घालवायचा, कालव्याकाठी चालायचं आणि संध्याकाळी परत, असं आम्ही केलं. आजोबांशी गप्पा काठावरून.

*

ताई, तुमची १३ मे आमच्या काहीच उपयोगाची नव्हती! घर चेस्टरला, म्हणजे इंग्लंडात, आणि शिडाची बोट कॉनवीला, म्हणजे वेल्समध्ये. एरवी आम्हाला ही सीमा जाणवतसुद्धा नाही. वेल्सचे नियम तिथलं सरकार ठरवत होतं, आणि इंग्लंडात मोकळीक मिळाली तरी वेल्समध्ये गाडी घेऊन व्यायामाला यायची परवानगी नव्हती. १ जूनला तिथे थोडी ढील मिळाली, पण घराच्या आसपासच राहा, साधारण पाच मैलांच्या आत, असं सांगणं होतं. ते ६ जुलैला उठलं. स्कॉटलंडमध्ये बोट असलेल्या मित्राचीही तीच गत, त्याचे पाच मैल ३ जुलैला सुटले.

दोन गोष्टी सांगतो, कोणाला तरी उपयोगी पडतील. विम्याच्या कागदांत ठराविक काळानं बोटीची पाहणी करावी अशी अट असते. मी लगेच ईमेल केला की सरकारी बंदीमुळे जाता येत नाही, हे ग्राह्य धरणार का, आणि लेखी होकार मागून घेतला. फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका. दुसरं म्हणजे दोर. भरती-ओहोटीच्या बंदरात बोट सतत वरखाली होते आणि दोर एकाच जागी घासला जातो. मरीनातल्या, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदरातल्या, मुलानं फोटो पाठवला तेव्हा पुढच्या दोराचे पीळ उसवून तंतू बाहेर आले होते. त्यानं नवा दोर बांधला आणि घासायच्या जागी पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवला. आम्ही पोचलो तेव्हा बुडाखाली शेवाळ आणि शिंपल्यांचा थर जमला होता, पण बोट जागेवर होती.

*

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरून. आमची बोट घरापासून एक किलोमीटरच्या आत होती, त्यामुळे नियमानं तिच्या दिशेनं चालत जाता यायचं. घरातून निघाल्याची वेळ लिहिलेला फॉर्म खिशात, आणि तासाभरात घरी. धक्क्याचं फाटक मात्र बंद. बाहेरून शिडाची काठी दिसायची, ती सरळ उभी आहे ना एवढं पाहून परतायचो. ११ मेपासून शंभर किलोमीटरची मुभा मिळाली, पण आमचं फाटक लगेच उघडलं नाही.

*

वरचे अनुभव वाचले. आमचा वेगळा आहे, कारण आमची होडी मासेमारीची आणि घर तिच्यावरच चालतं. मी मुंबईत नोकरीला, बाबा आणि होडी रायगडात खाडीकाठी. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, १५ मार्चलाच सुरू झाली होती, तीही थांबली. १० एप्रिलला केंद्रानं मासेमारीला सूट दिली, पण बर्फ मिळेना, मासळी घ्यायला गाड्या येईनात, खलाशी आपापल्या गावी. होडी नांगरून पडली.

दरवर्षी मे अखेरीस मी सुट्टी काढून जातो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्याआधी होडी वर ओढून शाकारायची, म्हणजे पावसाळ्यासाठी झाकून ठेवायची, हे घरातलं मोठं काम. त्या वर्षी जिल्हा ओलांडायला पास लागत होता. मी अर्ज केला तो नामंजूर झाला. आजारपण किंवा घरातला मृत्यू याला पास मिळत होता. होडी शाकारायची आहे या कारणासाठी रकानाच नव्हता. मला याचा आजही राग येतो. कोळ्याला होडी म्हणजे शेतकऱ्याला बैलजोडी, हे पास देणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं.

आणि नेमकं त्याच वेळी निसर्ग चक्रीवादळ. ३ जूनला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. आदल्या दिवशी बाबांशी बोलणं झालं होतं. पौर्णिमा जवळ आल्यामुळे भरती मोठी होती, तिचा फायदा घेऊन आळीतल्या पोरांनी होड्या खाडीत जमेल तितक्या आत नेल्या. आमच्या होडीला पुढून-मागून जादा नांगर टाकले, बाहेरच्या अंगाला जुने टायर बांधले. तोंडाला रुमाल बांधलेली पोरं एकमेकांपासून लांब राहायचा प्रयत्न करत होती, पण दोर ओढताना लांब कसं राहणार? मग वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले, आणि कितीतरी दिवस गावाशी संपर्कच नाही. माणसं सुखरूप आहेत का, छप्पर आहे का, होडी आहे का, काहीच कळेना.

पास मिळाला तो वादळानंतर. गावात पोचलो तरी आधी शाळेत विलगीकरण. शाळेच्या गच्चीवरून खाडीचं वळण दिसतं. होडीवरचं सगळं उडालं होतं, डोलकाठी मोडली होती, पण पुढची नाळ आणि बूड शाबूत. बाबा फाटकापाशी येऊन एवढंच म्हणाले, "लाकूड मिळेल रे, होडी हाय." नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती, तोवर काठी नवी बसली.

*

न्यूझीलंड. २५ मार्चच्या रात्री निर्बंधांचा चौथा, म्हणजे सर्वात कडक, स्तर लागू झाला, त्यात नौकाविहार, पोहणं सगळंच बंद. तिसऱ्या स्तरातही बोट बाहेर काढता येत नव्हती, १३ मेच्या रात्री दुसरा स्तर आला तेव्हा सुटका. आमची बोट बोयाला, म्हणजे पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेली, म्हणून किनाऱ्यावरून वीज नाही. छोट्या सोलर पॅनेलनं पंपाची बॅटरी जिवंत ठेवली. ताई, कालव्यावर झाडांच्या सावलीत ते चालतं का?

*

चालतं, पण भागत नाही. आमच्या जागी दुपारनंतर सावली येते, त्यामुळे उन्हाळ्यात पुरतं आणि हिवाळ्यात बॅटरी खाली जाते. ५ जानेवारी २०२१ ला पुन्हा जाणं बंद झालं, तेव्हा आधीच काठावरच्या विजेचा जोड घेऊन ठेवला होता. किल्ली आता आजोबांकडेच असते. रायगडच्या दादांनी त्या वर्षी होडी पुन्हा पाण्यात कधी गेली, खलाशी परतले का, हे जरूर लिहावं.