मदत हवी आहे: पॅनिक अटॅक, घराबाहेर पडण्याची भीती आणि सात आठवड्यांवर आलेलं भाचीचं लग्न

नमस्कार. तीन-चार वर्षं इथे वाचनमात्र आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३९, सांगलीत गावभागात राहतो. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचं काम करतो. गेले पाच महिने मालक बिलं घरी पाठवतात आणि मी घरूनच टॅलीत एंट्र्या करतो. चांगला माणूस आहे, अजून एका शब्दाने बोललेले नाहीत. पण हळदीचा हंगाम सुरू झाला की असं चालणार नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

सुरुवात गेल्या वर्षी श्रावणात झाली. संध्याकाळी सातच्या सुमारास सांगलीवाडीहून स्कूटरवरून परत येत होतो. आयर्विन पुलाच्या मधोमध वाहनं अडकली. पुढे रिक्षा, मागे मोटारसायकली, खाली कृष्णेचं गढूळ पाणी. कुणाशी भांडण झालेलं नव्हतं, डोक्यात काही काळजी नव्हती. एकदम छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, घसा आवळल्यासारखा. आजूबाजूचे हॉर्न काचेपलीकडून ऐकू यावेत तसे लांबून येत होते. मी आत्ता, इथेच मरणार याची खात्रीच पटली. स्कूटर स्टँडला लावली आणि कठडा धरून चालत सुटलो. एका रिक्षावाल्या काकांनी हाताला धरून बसवलं आणि दवाखान्यात नेलं.

ईसीजी नॉर्मल. रक्ताच्या तपासण्या नॉर्मल. पुढच्या दोन महिन्यांत आणखी दोनदा रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत गेलो. टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. "गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. माणसाला अशा वेळी "नॉर्मल" ऐकून बरं वाटायला हवं. मला उलट वाटायचं की खरं कारण कुणाला सापडतच नाहीये, आणि ते सापडायच्या आत मी जाणार.

मग एकेक जागा हातातून जात राहिली. आधी पूल बंद केला. नंतर गणपती मंदिरातली संकष्टीची रांग. मग सौदे. ज्यांनी हळदीचे सौदे पाहिलेत त्यांना कळेल, ढिगाभोवती व्यापारी खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि बोली चालू असताना मधून बाहेर पडणं अवघड असतं. मग केस कापायची खुर्ची. गळ्याभोवती कापड बांधलेलं, अर्धी दाढी झालेली, अशा वेळी उठून पळता येत नाही. आता बायको घरीच मशीनने केस कापते. या सगळ्या जागांत गर्दी हे एकच साम्य नाही हे मला फार उशिरा कळलं. जिथून पटकन निघता येणार नाही, ती प्रत्येक जागा मी सोडत आलोय. आज माझी हद्द आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आहे.

दोन महिन्यांपूर्वी मेहुण्याने ओढून मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं आणि पॅनिक डिसऑर्डर (असे अटॅक पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) आणि सोबत ॲगोराफोबिया (जिथून पटकन निघता येणार नाही अशा जागांची भीती) असं निदान केलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नाव सांगितलं, मी तिथेच रडलो. एसएसआरआय गटातली (चिंता आणि नैराश्यावर देतात ती) गोळी कमी डोसने सुरू केली. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढली म्हणून पाचव्या दिवशी मी मनानेच बंद केली. डॉक्टरांनी पुन्हा समजावलं, आता पाच आठवडे नेमाने घेतोय. अगदीच असह्य झालं तर घ्यायला एक वेगळी गोळी दिली आहे. ती घेतलेली नाही, पण शर्टाच्या खिशात असल्याशिवाय मी उंबरठा ओलांडत नाही. आठवड्यातून एकदा समुपदेशकांशी व्हिडिओ कॉल असतो.

आता मुद्द्याचं. बहिणीच्या मुलीचं लग्न सात आठवड्यांवर आहे, आष्ट्याला. अंतर वीसेक किलोमीटर. वाटेत तोच पूल. मी एकुलता एक मामा. नवरीला मंडपात आणायची मी, अक्षता पडेपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं मी. तीनशे माणसं समोर आणि मधूनच निघून जायची सोय नाही.

समुपदेशक म्हणतात, भीती वाटते तिथे थोडं थोडं जा आणि थांबा. मी गिरणीपर्यंत जातो. धडधड सुरू होते, मी परत फिरतो आणि घरात पाय ठेवल्यावर दोन मिनिटांत ठीक होतो. त्या म्हणतात, हे परत फिरणंच भीतीला खायला घालतंय. पटतं. पण थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्या क्षणी मनात काय म्हणायचं, हातपायांचं काय करायचं? सोबत बायकोला न्यावं का? ती गोळी खिशात ठेवावी का? आणि ही औषधं जन्मभर घ्यायची असतात का?

आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. तिची माया आहे, मी बसतो तिच्यासमोर. बायको काही बोलत नाही, पण बँक, बाजार, मुलीची शाळा, आईचा दवाखाना सगळं तिच्या अंगावर पडलंय. "हिंमत धरा" असं सांगणारे खूप भेटले. जे यातून गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सुरंगी
दादा, तुमचं सलूनचं वाचून अंगावर काटा आला. माझी खुर्ची दातांच्या डॉक्टरांकडची होती.

मी डोंबिवलीची. फास्ट लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये वीस मिनिटं उभी राहिली, त्या दिवसापासून अकरा महिने मी गाडीत चढले नाही. नोकरी सोडावी लागली. तुम्ही विचारलंय थांबायचं म्हणजे काय, त्याचं माझं उत्तर सांगते. मी छोटी वही ठेवली होती. भीती किती, शून्य ते दहा, दर दोन मिनिटांनी आकडा लिहायचा. बाकी काही करायचं नाही. देवाचं नाव नाही, गाणी नाहीत, फोन नाही. पहिल्यांदा डोंबिवलीच्या फलाटावरच बसले, गाडीत चढलेही नाही. आकडे असे होते: ६, ८, ९, ९, ९, ८, ७, ७, ५. ते पाच लिहिताना माझा हात थरथरत होता, पण भीतीने नाही. आकडा आपोआप उतरतो हे मी पहिल्यांदा बघत होते. त्याआधी प्रत्येक वेळी नवावर असतानाच पळालेले, मग उतरताना दिसणार कसा?

म्हणून माझं एवढंच म्हणणं, नवावर असताना घरी येऊ नका. गिरणी नको तर चार पावलं अलीकडे उभे राहा, पण आकडा निम्म्यावर आल्याशिवाय वळू नका. आणि रोज जा. मी डोंबिवली ते कोपर हे एकच स्टेशन दोन आठवडे रोज केलं. मग दिवा, मग मुंब्रा. ठाण्याला पोहोचायला अडीच महिने लागले.

आडवाट
मला थोडं वेगळं वाटतं. लग्नाची तारीख डोक्यावर ठेवून हे करू नका. नाही जमलं तर अपराधीपणाचं आणखी एक ओझं होईल. मामाच्या जागी मावशीचे यजमान उभे राहिले तर आभाळ कोसळत नाही. घरी शांत बसून अनुलोम-विलोम करा, आधी मन स्थिर होऊ द्या, मग बाहेर पडा.

नीलमोहर
मी मनोविकार विभागात काम करते. इथे कुणाचे उपचार ठरवत नाही, तुमचे डॉक्टर ते करताहेत. काही गोष्टी मात्र स्पष्ट करते.

अटॅकमध्ये आपण नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना मुंग्या, ओठांना बधिरपणा आणि चक्कर येते. म्हणजे ऑक्सिजन कमी पडत नाही, श्वासच जास्त होतो. चक्कर येऊन पडू ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते. पण बेशुद्ध पडायला रक्तदाब खाली यावा लागतो, आणि पॅनिकमध्ये तो बहुधा थोडा वर गेलेला असतो. म्हणून पॅनिकमध्ये माणूस सहसा कोसळत नाही. रक्त किंवा सुई बघून येणारी भोवळ हा निराळा प्रकार. अटॅक बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग ओसरायला लागतो. वरच्या ताईंचे आकडे हेच दाखवतात. पूर्वी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत, ते आता सुचवत नाहीत, करू नका.

आडवाट, तुमची कळकळ कळते, पण "आधी मन स्थिर, मग बाहेर" हा क्रम या आजारात उलटा पडतो. मन स्थिर होण्याची वाट बघत लोक वर्षानुवर्षं घरात राहिलेले मी पाहिलेत. प्राणायाम रोजच्या वेळी जरूर करावा. अटॅक थांबवण्यासाठी पुलावर करायला गेलात तर तोही खिशातल्या गोळीसारखाच होतो: "तो केला म्हणून वाचलो" असं मेंदू शिकतो. गोळी, पाण्याची बाटली, सोबतचं माणूस, या कुबड्या एका दिवसात फेकायच्या नसतात, एकेक करून सोडायच्या. आधी पत्नीसोबत, मग त्या दहा पावलं मागे, मग त्या घरी.

औषधांचं: पहिल्या दिवसांतली बेचैनी माहितीतली आहे, ती बहुतेकांची ओसरते. पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. जन्मभर घ्यावीच लागतात असं नाही. मनाने एकदम थांबवू मात्र नका. तातडीच्या गोळ्यांपैकी काहींची सवय लागू शकते, म्हणून त्या मोजून देतात. चहा-कॉफी कमी करून बघा, धडधड वाढवणाऱ्या गोष्टी आहेत त्या. आणि चालताना, जिना चढताना छातीत दुखलं, किंवा नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, तर ते पॅनिक समजून बसू नका, तपासून घ्या.

ज्यांना जवळ कुणी डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी: सरकारची टेली मानस सेवा २०२२ पासून चालू आहे, १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तुमच्या यार्डावरून आठवलं. ॲगोरा म्हणजे जुन्या ग्रीकमध्ये बाजाराचा चौक. बर्लिनच्या वेस्टफाल नावाच्या डॉक्टरांनी १८७१ मध्ये हे नाव दिलं, कारण त्यांच्याकडे आलेल्या माणसांना मोकळे चौक ओलांडता येत नव्हते. दीडशे वर्षांपूर्वीही कुणीतरी तुमच्यासारखंच चौकाच्या कडेला थबकलेलं होतं.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. नीलमोहर ताई, शेवटचं वाक्य बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. आडवाट, राग मानू नका, तुमचा सल्ला मला सोयीचा होता म्हणूनच मी तो घेतला नाही.

बावीस दिवसांनी लिहितोय. वही केली. गिरणीपाशी पहिल्या दिवशी ५, ७, ८, ९, ९ आणि मी पळालो. दुसऱ्या दिवशीही पळालो. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्या मावशींनी विचारलं, "काय लिहिताय सारखं?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी पाटावर बसायला जागा दिली आणि दळण चालू ठेवलं. त्या दिवशी आकडा चारवर आला. सतरा मिनिटं लागली.

परवा सलूनमध्ये फक्त दाढी केली. आधी सांगून ठेवलं की मध्ये थांबवायला सांगेन. सांगावं लागलं नाही.

पुलावर पहाटे सहाला जातो, बायको सोबत. गेल्या आठवड्यात पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत, मग दुसऱ्या. काल तिसऱ्यापाशी नऊ झाला आणि मी कठडा धरला. तिने विचारलं, परत जायचं का? मी म्हणालो, आकडा लिहायचा राहिलाय. सहावर आला तेव्हा परत आलो. निम्म्यावर यायला हवा होता, माहीत आहे. आज पाऊस होता म्हणून गेलो नाही, आणि खरं सांगायचं तर पाऊस आला याचं बरं वाटलं. समुपदेशक म्हणाल्या, हेही वहीत लिहा.

बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. तिला एवढंच माहीत होतं की मला बीपी आहे. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी तुझ्या मागे खुर्ची ठेवायला सांगते, वाटलं तर बस." मी तिला खुर्ची ठेवू नको म्हणालो. फोन ठेवल्यावर तासभर धडधडत होतं.

एक विचारायचं राहिलं. मंगलाष्टकं चालू असताना वही काढता येणार नाही. अशा वेळी सुरंगी ताई, तुम्ही आकडे मनात कसे धरायचात?

सुरंगी
बोटांवर, दादा. अंगठा पेरांवर सरकवायचा. हातात अक्षता असल्या तरी जमतं.