केमो-रेडिएशनचे दिवस: घरात तुम्हाला काय उपयोगी पडलं?

उलट्या होतील, केस जातील, थकवा येईल हे डॉक्टर आधी सांगतात. पण चव गेल्यावर जेवायचं काय, तळपाय बधिर असताना ओल्या न्हाणीघरात जायचं कसं, हे घरी आल्यावर कळतं. ज्यांनी स्वतः उपचार घेतले किंवा घरच्यांचे निभावले, त्यांनी इथे जरूर लिहा. औषधाचं नाव आठवत असेल तर तेही सांगा, कारण प्रत्येक औषधाचा त्रास वेगळा असतो.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, नाशिक
मला ऑक्सॅलिप्लॅटिन होतं आणि ऐन थंडीचे दिवस. फ्रिजचं हँडल धरलं तरी बोटांत झिणझिण्या यायच्या. गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळल्यासारखं व्हायचं. केमोनंतरचे काही दिवस कोमट पाण्याचा थर्मास जवळ, हातमोजे-पायमोजे, आणि फ्रिज फक्त मुलाने उघडायचा. पुढेपुढे मुंग्या कायमच राहायला लागल्या, शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी डोस कमी केला. हे सहन करत बसू नका, सांगा. नसा जास्त दुखावल्या तर भरून यायला फार काळ लागतो.

आईचा तोंडाचा कॅन्सर, सोलापूर
रेडिएशनआधी दात तपासून घ्या. किडलेला दात नंतर काढायचा म्हटलं तर जबड्याची जखम भरत नाही. आईचं तोंड सोलून निघालं होतं, लाळ आटलेली. तिखटाशिवाय न जेवणारी बाई, तिला वरणाची फोडणीसुद्धा झोंबायची. मग गुरगुट्या भात तूप घालून, नाचणीची आंबील, मऊ उपमा, सगळं कोमट. दिवसातून चार-पाचदा गुळण्या: ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ. नाकातून नळी घालायची म्हटल्यावर ती खूप रडली. पण नळीमुळेच वजन टिकलं आणि रेडिएशनमध्ये खंड पडला नाही, म्हणून कुणाला नळी सुचवली तर घाबरू नका. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवला. तो ती आजही करते.

नवऱ्याची केमो, ठाणे
थर्मामीटर उशाशी ठेवा. केमोनंतर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप दिसला तर रात्र असली तरी दवाखान्यात फोन करा. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, गोळीने ताप झाकला जातो.

स्तनाचा कॅन्सर, कोल्हापूर
लाल औषधाने, म्हणजे डॉक्सोरुबिसिनने, एखाद-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, हे नर्सताईंनी आधीच सांगितलं म्हणून मी घाबरले नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताचं बीपी घेऊ देऊ नका, सुई टोचू देऊ नका. घट्ट बांगड्या मी त्या हातातून काढल्या. सासूबाईंना आधी रुचलं नाही; हात सुजतो म्हणजे काय ते दाखवल्यावर त्यांनीच दुसऱ्या हातात जास्त भरल्या. पेशी कमी असताना भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचं कामही त्यांनी घेतलं. मला ते कधीच जमलं नसतं.

वडिलांचा अनुभव, लातूर
उलटीच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, हे कुणी बोलत नाही. पहिल्या केमोलाच त्याचं औषध मागून घ्या.