सहा जण, एक तास आणि तेच ते दहा उपाय: अडतंय कुठे?

प्रश्न
आमचा सहा जणांचा गट आहे. अडचण आली की फळ्यासमोर बसून कल्पना गोळा करतो. पहिल्या दहा मिनिटांत जे निघतं तेच तासाभराने उरतं. दोघं बोलतात, बाकीचे माना डोलावतात. टीका करायची नाही, हा नियम आम्ही पाळतो. सध्याचा विषय: ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर द्यायला फार वेळ लागतो. पद्धत बदलावी का?

कोरा_कागद
बदलाच. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली कल्पना मनात धरून थांबतात आणि तेवढ्यात ती निसटते किंवा आधीच्याच्या वळणावर जाते. १९५८ साली येल विद्यापीठात चौघांच्या गटांची तुलना एकेकटं काम करणाऱ्या चौघांच्या एकत्र केलेल्या यादीशी झाली. पुनरुक्ती वगळूनही एकट्यांच्या कल्पना जास्त भरल्या.

म्हणून आधी लिहा, मग बोला. सहा जणांसाठी ६-३-५ ही पद्धत अगदी मापाची आहे. जर्मनीच्या बर्न्ड रोरबाख यांनी ती १९६८ मध्ये मांडली. प्रत्येकाला तीन रकाने आणि सहा ओळींचा कागद द्या, वर प्रश्न एका वाक्यात. पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजारी द्यायचा. पुढच्याने आधीचं वाचून त्यात भर घालायची किंवा नवं लिहायचं. सहा फेऱ्या, अर्धा तास, १०८ नोंदी. पुनरुक्ती होणारच, त्याने नाउमेद होऊ नका.

फसतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, ‘संवाद सुधारा’ असे दोन शब्दांचे शेरे. पुढच्याला त्यावर काही रचता येत नाही. कोण, काय, केव्हा करेल हे कळेल असं पूर्ण वाक्य हवं. दुसरं, शेवटच्या फेऱ्यांत वाचायलाच वेळ जातो. तिथे सात मिनिटं द्या.

उलट_तपासणी
पद्धत ठीक, पण तुमचा प्रश्नच ढोबळ आहे. ‘वेळ लागतो’ म्हणजे नेमका कुठे? तक्रार योग्य माणसाकडे पोचेपर्यंत, माहिती मिळेपर्यंत, की मंजुरीसाठी? शेवटच्या वीस तक्रारी काढा आणि प्रत्येक टप्प्याला किती तास गेले ते लिहा. सगळ्यात लांब टप्प्यावरच प्रश्न विचारा: ‘मंजुरीशिवाय कोणती उत्तरं पाठवता येतील?’

मग दहा मिनिटं प्रश्न उलटा करा: तक्रारदाराला जास्तीत जास्त ताटकळत ठेवायचं तर काय काय करू? यादी झाली की आपण आजही जे करतो त्यावर खूण करा. त्या खुणा पाहून लोक गप्प होतात, पण खरं काम तिथूनच सुरू होतं.

प्रश्नकर्ता
मंजुरीचंच दुखणं दिसतंय. पण १०८ नोंदी चाळायच्या कशा?

कोरा_कागद
सारख्या नोंदी एकत्र करा. मग प्रत्येकाला मत म्हणून पाच चिकट ठिपके द्या आणि ते पसंतीच्या कल्पनांवर न बोलता, एकाच वेळी लावायला सांगा. एकामागून एक लावले तर मोठ्या माणसाच्या ठिपक्यामागे सगळे जातात. एकच ठिपका मिळालेली विचित्र कल्पनाही लगेच फेकू नका, लिहिणाऱ्याला दोन मिनिटं बोलू द्या. निवड त्याच बैठकीत उरकायची घाईही नको, दुसऱ्या दिवशी करा.