सेलचं वजन करून बघा

ई-सिगारेटचा सेल महिन्यातून एकदा पार रिकामा करायचा आणि मग रात्रभर फुल्ल चार्जिंगला लावायचा, असं काहीजण सांगतात, ते जुन्या निकेल-कॅडमियम सेलचं शास्त्र. ई-सिगारेटमधला १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेल लिथियमचा, त्याला रिकामं होणंच सोसत नाही. २.५ व्होल्टच्या खाली गेला की आतून खराब व्हायला लागतो, वरती ४.२ ला थांबायचं. ई-सिगारेट विकायला आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे ते सोडा, पण हाच सेल आमच्याकडं हेडटॉर्चमध्ये घरोघरी असतोय. शेतीची लाईट रात्री आली की उसाला पाणी पाजायला त्याच्याशिवाय कोण बाहेर पडत नाही.

कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे वजन. ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेले सेल सर्रास मिळतात, आणि या मापाचा चांगल्यातला सेलसुद्धा ३५०० च्या आसपासच असतो. (छापायला काय, शाईच लागते.) खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगंमागं भरतो. चुलतभावानं असला ९९०० छापलेला एक गुजरीत (सराफ बाजारात) ओळखीच्या सराफाच्या काट्यावर टाकला, तर तीससुद्धा भरला नाही. सराफ म्हणाला, "लईच घट हाय की ह्यात!"

आणि टोपीजवळचं (पॉझिटिव्ह टोकाजवळचं) प्लॅस्टिक फाटलंय का बघा. टोपी सोडली तर सेलचं अख्खं पत्र्याचं अंग निगेटिव्ह असतं. खिशात किल्ल्यांबरोबर टाकला की शॉर्ट. फाटलं असलं तर वरून चढवायला हीट-श्रिंकची नळी (गरम केली की आवळून बसणारी) चार-दोन रुपयांत मिळते.